चुलाणावरचा हंडा

डोंगरांना अजून कुणी नावं दिली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. एका गावात एक रुग्णशाळा होती. आजाऱ्याला भेटायला जाणारा माणूस तिथे फळं नेत नसे, लाकडाची मोळी नेई. त्या लाकडांवर अंगणातलं चुलाण दिवसभर पेटलेलं असे आणि मोठ्या हंड्यात जखमांच्या पट्ट्या उकळत असत.

एका वर्षी कडाक्याची थंडी पडली. म्हातारी माणसं कुडकुडू लागली. गावचा कारभारी मनाने चांगला होता. त्याला ते बघवेना. तो रुग्णशाळेच्या वैद्यीणबाईंकडे गेला.

"बाई, पट्ट्या नदीवर धुतल्या तरी पांढऱ्या होतात. मग एवढी लाकडं कशाला जाळायची? उकळून काय मिळतं, ते दाखवा तरी."

"जी जखम चिघळलीच नाही, ती मी कशी दाखवू?" वैद्यीणबाई म्हणाल्या.

थंडी मात्र सगळ्यांना दिसत होती. मोळ्या गावात वाटल्या गेल्या, चुलाण विझलं आणि पट्ट्या नुसत्या नदीवर धुतल्या जाऊ लागल्या. घरोघरी शेकोट्या पेटल्या. लोकांनी कारभाऱ्याला दुवा दिला.

त्याच आठवड्यात एक कुंभारीण रुग्णशाळेत आली. भट्टीतून मडकं काढताना तिची बोटं भाजली होती.

"लवकर बरी करा हो. घरी माती भिजवून आलेय," ती हसत म्हणाली.

भाजलं थोडंसंच होतं. पण तिला बांधलेली पांढरीशुभ्र पट्टी आधी दुसऱ्या कुणाच्या पिकलेल्या जखमेवर होती. हात सुजला, ताप चढला. मग शेजारच्या खाटेवरच्या माणसाचीही जखम चिघळली. खाटा रिकाम्या होईनात. कुंभारणीचा जीव वाचवायला वैद्यीणबाईंना तिची दोन बोटं कापावी लागली.

कारभारी तिच्या खाटेशी मान खाली घालून बसला. "काहीतरी बोल, बाई. हवं तर शिव्या दे."

"शिव्या कशाला देऊ, दादा? माझी सासूसुद्धा तुमच्याच लाकडांवर शेकली," ती म्हणाली. "पण आता मडक्याला काठ कुठल्या बोटांनी काढू, तेवढं सांगा."

कारभारी उठला. तो आपल्या घरची लाकडं घेऊन आला आणि त्याने चुलाण पेटवलं. म्हाताऱ्यांनाही त्याने त्याच चुलाणाभोवती शेकायला बोलावलं. हंडा पुन्हा उकळू लागला. हळूहळू खाटा रिकाम्या झाल्या.

कुंभारणीची बोटं मात्र परत आली नाहीत.

बोध: टळलेलं दुखणं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते टाळण्यासाठी केलेला खर्च वाया गेला असं समजू नये.