रस्त्याच्या शाली

फार वर्षांपूर्वी शहरातून खांबांवर चढून डोंगरातल्या बोगद्याच्या तोंडापर्यंत जाणारा एक रस्ता होता. तो म्हातारा झाला, त्याला तडे गेले. दर वर्षी माणसं जुन्या डांबरावर नवा थर अंथरत. रस्त्याला वाटे, शाल पांघरून आपला सत्कारच चालला आहे.

“आबा, आता पुरे,” बोगदा म्हणायचा. “तुम्ही उंच होत चाललात, माझी कमान आहे तिथेच आहे.”

“तुला कोणी शाल देत नाही, म्हणून जळतोस,” रस्ता म्हणायचा. ओझ्याने खांब कुरकुरत, ते मात्र तो कोणाला सांगत नसे.

एके दिवशी सदाशिवचा कडब्याचा ट्रक कमानीला अडकला. मागे गाड्या तुंबल्या. “हा रस्ता बंदच करा,” लोक ओरडले.

इंजिनियर बाई वाकून बघत म्हणाल्या, “बंद कशाला? जुने थर खरवडून काढू.”

शाली उतरू लागल्या, तसा रस्ता लाजेने अर्धा झाला. पण शेवटची निघाली आणि खांबांची कुरकुर थांबली. तडे बुजवून वर एकच पातळ थर आला. सदाशिवचा ट्रक काडीही न सांडता आत गेला.

रस्त्याने सुटकेचा निःश्वास सोडला. “काय रे, तुझी कमान उंच केली का यांनी?”

“नाही, आबा,” बोगदा म्हणाला. “मी आहे तिथेच आहे.”