हौसा परटीण आणि भोरड्यांचं वर्ष

ओढ्याला पूल नव्हता, गावाला वेस नव्हती, इतक्या फार वर्षांपूर्वी तांबुळखेडात हौसा नावाची परटीण राहायची. तिची ही गोष्ट मला माझ्या अक्काने सांगितली. अक्का या दिवाळीत गेली. ती सांगायची तशीच सांगतो.

तेव्हा गावाचं पोट एका जोंधळ्यावर होतं. कणसात दाणा भरला की रानोरान माळे उभे राहायचे. माळा म्हणजे चार लाकडांवरची उंच बैठक. त्यावर उभं राहून गडी दिवसभर गोफण फिरवायचे आणि पाखरं हाकायचे. गोफण सगळ्यांना येत होती, पण कोपर कुणाचंच धड नव्हतं. दोन सुग्या झाल्या की कोपर सुजायचं. पाच सुग्या झाल्या की भाकरीचा तुकडा मोडताना डोळ्यांत पाणी यायचं. बाजारात शेजारच्या गावचे लोक म्हणायचे, "तांबुळखेडचे पाव्हणे आले रे! लांबूनच रामराम घाला, त्यांना हात उचलायला लावू नका!"

आणि गावाला याची लाज नव्हती, उलट मोठा अभिमान होता. गोफण शिकवायचा राऊ नाईक. पहिल्याच दिवशी तो शिकणाऱ्याच्या हातात कवठाएवढा धोंडा द्यायचा आणि ओरडायचा, "हिसका मार! कोपर दुखलं की समज, गोफण अंगात आली." ज्याचं कोपर सुजेल त्याच्या कोपराला तो गुलाल लावायचा, आणि घरचे लोक गल्लीत गूळ वाटायचे. सुजेला गुलाल! मला त्या राऊचा फार राग येतो. अक्का म्हणायची, रागावू नकोस, त्यालाही कुणीतरी तसंच शिकवलं होतं.

हौसाचा भाऊ म्हाळू राखणीला होता. त्याच्याइतका लांब दगड कुणाचा जात नव्हता. पण एका सुगीत त्याचं कोपर असं गेलं की त्याला अंगरख्याची बाही चढवता येईना. हौसा त्याला भरवायची. एक दिवस घास तसाच हातात धरून ती थांबली.

"म्हाळू, मी दिवसभर ओल्या गोधड्या दगडावर आपटते. त्या तुझ्या धोंड्याहून जड. मग माझं कोपर का दुखत नाही?"

"तू परटीण आहेस म्हणून. आता घास दे, भूक लागलीय," म्हाळू म्हणाला.

हौसाने घास दिला आणि तशीच नदीवर गेली. एक धोतर भिजवलं आणि स्वतःकडे बघत सावकाश आपटलं. आधी पाय सरकला. मग कंबर वळली. मग खांदा फिरला. हात आला तो सगळ्यांच्या शेवटी. कोपराला काही करावंच लागलं नाही.

त्याच्या आदल्या वर्षी पाऊस झाला नव्हता. धान्याची पेवं रिकामी होती. यंदाचा जोंधळा गेला असता तर गाव उठलं असतं, चुली मोडून जिकडेतिकडे झालं असतं. पण यंदा कणसं अशी भरली होती की ताटं वाकली होती. आणि मग पौषात पहिल्या दहावीस भोरड्या आल्या, थव्याने उतरून जोंधळा फस्त करणारी ती गुलाबी पाखरं. म्हातारे घाबरले. पहिल्या भोरड्या दिसल्या की आठव्या दिवशी मागचा सगळा थवा उतरतो, हे त्यांना ठाऊक होतं.

पाटलांनी चावडीवर विचारलं, "किती हात चालतात? वर करा."

अकरा हात वर झाले. बाकीचे वर होतच नव्हते.

तेव्हा हौसा पुढे झाली. "पाटील, मला बाया द्या. ज्यांनी गोफणीला कधी हात लावला नाही, अशाच द्या."

राऊ नाईक हसला. "अगं परटिणी, पाखरं हाकायची आहेत, धुवायची नाहीत!"

"धुऊनच पाठवते, नाईक. तुमच्या कोपराचा गुलालही त्यातच निघेल."

पाटील हसले नाहीत. दुसरा उपाय नव्हता. त्यांनी आपल्या सुनेला आधी उभं केलं.

हौसा चाळीस बायांना नदीवर घेऊन गेली. तिने दगडाला हात लावू दिला नाही. गोफणीत प्रत्येकीला एक ओली चिंधी घालून दिली. "फिरवा," ती म्हणाली. ज्या बाईने कोपराला हिसका दिला, तिच्या तोंडावर पाणी उडालं. जिने पाय सरकवला, कंबर वळवली आणि खांद्यातून फिरवलं, तिच्याभोवती मातीत थेंबांचं गोल रिंगण पडलं.

"कोपर पाव्हणं आहे," हौसा सांगायची. "त्याला बरोबर न्या, कामाला लावू नका. आणि चिंधी सुटली की हात मध्येच अडवू नका, जाईल तिकडे खाली जाऊ द्या."

दोन दिवस बाया नुसत्या भिजत होत्या. नवरे काठावरून म्हणायचे, "आंघोळी झाल्या असतील तर भाकरी टाका आता!" चौथ्या दिवशी रिंगणं पडायला लागली. सातव्या दिवशी हौसाने त्यांना पहिला दगड दिला, लिंबाएवढाच. तो नदीपार गेला.

आठव्या दिवशी थवा आला. ऊन गेलं, अंगणातल्या कोंबड्या खुराड्यात शिरल्या, असं म्हणतात. एका बाजूच्या माळ्यांवर राऊ आणि त्याचे दहा गडी, दुसऱ्या बाजूला हौसा आणि तिच्या चाळीस बाया. सकाळभर गोफणींचा असा आवाज झाला की शेजारच्या गावाला वाटलं, नदीला पूर आला.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा हौसा ओरडली, "गोफणी खाली! बसा!"

पाटील धावत माळ्याखाली आले. "हौसा, वेड लागलं का? दाणा चाललाय!"

"कडेची एक ओळ खाऊ द्या त्यांना, पाटील. आता हात निवले नाहीत तर संध्याकाळी एकही उरणार नाही. मग सगळंच रान त्यांचं."

बाया बसल्या. भोरड्या कडेच्या ओळीवर उतरल्या. पाटलांनी डोळे मिटून घेतले. पलीकडून राऊ ओरडत होता, "बघा, बघा, बसली तुमची परटीण!" आणि कवठाएवढे धोंडे भिरकावतच होता. दुपार कलायच्या आत त्याचं कोपर खटकन वाजलं आणि गोफण हातातून गळाली. मागोमाग त्याचे गडीही एकेक करून खाली बसले.

आता सगळं रान बायांवर आलं. हौसा उठली. तिच्याबरोबर चाळीसजणी उठल्या आणि एकदम वळल्या. पुढचं कुणी कसं सांगतं, कुणी कसं. कुणी म्हणतात, दगड थव्याला वळसा घालून परत त्यांच्याच गोफणीत येत होते. कुणी म्हणतात, दगड नव्हतेच, नुसता वारा फिरत होता. पण एवढं सगळे सांगतात की तो थवा आभाळात पिळल्या चादरीसारखा पिळला गेला, त्यातून पिसं गळली आणि दिवस मावळायच्या आत तो डोंगरापलीकडे गेला. एक ओळ सोडून सगळं रान शाबूत होतं.

हौसा माळ्यावरून उतरली ती सरळ राऊकडे गेली. त्याच्या कोपराला तिने ओलं फडकं गुंडाळलं. राऊ म्हणाला, "बाई, माझ्या नातवाला चिंधीपासून शिकव."

हौसा खूप जगली. शंभराव्या वर्षीही ती स्वतःची वेणी स्वतः घालायची, असं म्हणतात. म्हाळूचा हात पुन्हा गोफणीला लागला नाही, पण चिंध्या भिजवून द्यायचं काम त्याने मरेपर्यंत कुणाला करू दिलं नाही.

तांबुळखेडात अजून गोफण शिकताना कुणी पहिले सहा दिवस दगड उचलत नाही. कोपराला गुलाल तर कुणी लावतच नाही. आणि सुगीत सूर्य डोक्यावर आला की एका माळ्यावरून हाक येते, "हौसा बसली!" ती दुसऱ्या माळ्याला पोचते, तिथून तिसऱ्याला. साऱ्या गोफणी खाली येतात. कडेची एक ओळ तेवढा वेळ पाखरांची असते. ती पोटभर खातात, आणि गाव हात मांडीवर ठेवून बघत बसतं.