‘मुलगी असूनही’

“पण बाई, दोघांचंही तोंडभरून कौतुक केलंय… मग तुम्ही गप्प का?”

डॉ. निरंजन सोहोनी पलंगाशेजारी उभे होते. हातात दोन शिफारसपत्रं. हृदयशस्त्रक्रियेच्या प्रशिक्षणासाठी त्यांचे दोन विद्यार्थी अर्ज करत होते, तेजल वाघचौरे आणि सौमित्र देशमाने. पत्रं आजच पाठवायची होती.

पलंगावर होत्या डॉ. कालिंदी आपटेकर. निरंजनना सर्जन केलं ते त्यांनीच. उद्या सकाळी त्यांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन निरंजनच करणार होते.

“उद्या टेबलापलीकडे तुझ्या मदतीला कोण?” बाईंनी विचारलं.

“तेजल.”

“का?”

निरंजनांचे डोळे चमकले. “अहो, गेल्या महिन्यात यकृताजवळची रक्तवाहिनी फाटली! रक्ताचं तळं झालं. मला काही दिसेना. हिनं बोट घातलं आणि नेमकी जागा दाबून धरली! वर मलाच म्हणते, ‘सर, आधी श्वास घ्या.’ पेशंट वाचला, बाई! चालत घरी गेला!”

“वाच तिचं पत्र.”

“‘अतिशय गोड स्वभाव. कष्टाळू. सर्वांशी मिळून-मिसळून वागते…’”

“आणि सौमित्रचं?”

“‘कुशल हात. संकटात झटपट निर्णय. उद्याचा आघाडीचा सर्जन.’”

“मग उद्या सौमित्रला घे.”

“नको!”

इतक्या जोरात ओरडले की दारातली नर्स दचकली.

“नको का? तूच लिहिलंयस.”

“अहो, तो चांगला आहे, पण… अजून…”



बाईंनी त्यांच्या हातातल्या पत्रांकडे बोट दाखवलं.

निरंजन मटकन स्टुलावर बसले. तेजलचं पत्र त्यांनी टराटरा फाडलं. सौमित्रच्या पत्रातल्या दोन ओळी खोडल्या. मग नर्सकडून कोरा कागद मागून घेतला आणि गुडघ्यावर धरून झरझर लिहीत सुटले. रक्तवाहिनी आली, बोट आलं, ‘श्वास घ्या’सुद्धा आलं. लिहिता लिहिता ते स्वतःशीच हसत होते.

“झालं! ऐका बाई, ऐका! ‘मुलगी असूनही तिच्याइतका निर्भय सर्जन मी माझ्या हाताखाली पाहिलेला नाही!’ कसं वाटतं?”

बाईंनी हात पुढे केला. पेन मागितलं… आणि परत निरंजनांच्याच हातात ठेवलं.

“‘असूनही’ काढ. मुलगी राहू दे.”