पदरावरची सावली

एका राज्यात, जिथे पोपट साक्ष द्यायचे आणि नद्या विचारून वळायच्या, तिथे कुसुंबा नावाची राणी होती. चाळिशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, राग नाकाच्या शेंड्यावर. एके दिवशी तिला वाटलं, आपण चित्रं काढावीत. का वाटलं? वाटलं. राणीला काही वाटू नये की काय?

पण राज्यातले रंग होते कज्जलनाथ मांत्रिकाच्या ताब्यात. त्याच्या मंत्राशिवाय कुंकवालाही लाली चढत नसे, म्हणून राजासुद्धा त्याला वचकून. त्याचा नियम असा, की लहानपणी ज्यानं कुंचला धरला त्यानंच पुढे धरावा. बाकीच्यांनी बघावं आणि वाहवा म्हणावं.

राणी त्याच्या चित्रशाळेत गेली. म्हणाली, "नाथबाबा, मला शिकवा."

"या वयात?" कज्जलनाथ हसला. शिष्य हसले. भिंतीवरची रंगवलेली माणसंसुद्धा हसली.

राणीचं डोकं फिरलं. तिनं समोरच्या वाटीत सरळ बोट बुडवलं आणि त्याच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर एक रेघ ओढली. वाकडीच आली.

मांत्रिक भडकला. "माझी भिंत बरबटवलीस! जा, तुझ्या लेकीची सावली गेली. तू स्वतः रंगवलेली सावली सूर्यानं खरी मानली, तरच शाप सुटेल. आणि ते तुला या जन्मी जमायचं नाही."

राणी महालात येते तो राजकन्या तरंगिणी जमिनीपासून वीतभर वर. सावली गेलेलं माणूस दिवसागणिक हलकं होतं आणि शेवटी वाऱ्याबरोबर जातं. दासींनी तिच्या कमरेला वरवंटा बांधला, तेव्हा कुठे पाय टेकले.

"आई, मी उडून जाईन का गं?"

"माझ्या डोळ्यांदेखत? वाऱ्याची हिंमत आहे!"

राजा म्हणाला, "तरी म्हणत होतो, या वयात कशाला? जाऊन त्याची क्षमा माग."

"तुम्ही गप्प बसा," राणी म्हणाली. राजा गप्प बसला.

राणीनं काजळ कालवलं आणि लेकीच्या पायाशी काळीकुट्ट सावली रंगवली. सूर्यानं एकदा पाहिलं. सावली पापडासारखी वाळली, कडेनं वळली आणि उडून गेली.

खिडकीतली साळुंकी म्हणाली, "राणीसाहेब, सावली काळी असते असं कुणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात."

"सगळ्यांना कज्जलनाथानंच शिकवलंय. त्याला न सापडलेले तीन रंग अजून रानात आहेत. लाल सुसरीकडे, पिवळा वाघिणीकडे, निळा बगळ्याकडे. निघा. आणि कोळसा घ्या सोबत."

राणी निघाली. साळुंकी खांद्यावर, गुडघे कुरकुरत, तोंड चालू. "या वयात म्हणे! या वयात सुनेची सासू व्हायला चालतं. वाकडी रेघ ओढायला नाही चालत!"

डोहातली सुसर म्हणाली, "माझं चित्र काढ. आवडलं तर रंग, नाही तर फराळ."

राणीनं दगडावर कोळशानं चित्र काढलं. सुसरीनं मान वाकडी करून पाहिलं. "हे मी? का पडवळ?"

"पडवळाला पाय असतात का?" राणी कडाडली.

सुसर इतकी हसली, इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून लालभडक आसवं आली. राणीनं दात ओठ खात ती वाटीत धरली. घरी येऊन लाल सावली रंगवली. सूर्यानं ती सोलून काढली. तोवर वरवंटा पुरेनासा झाला होता. तरंगिणीला पाटा बांधला.

राणीनं कुंचला पदराला पुसला. दासी म्हणाली, "राणीसाहेब, फडकं आहे हो."

"जन्मभर हात पदरालाच पुसले. आता फडकं कुठे शोधू?"

मग वाघीण. तिचं चित्र पाहून टेकडी हादरेल अशी डरकाळी आली. "मांजर! मला मांजर केलंस!"

राणीचा संयम सुटला. "कालपासून शिकतेय मी! माझी लेक उडायला आलीय, आणि जो तो माझ्या रेघा मोजतोय! तू काढून दाखव ना वाघीण!"

वाघिणीनं पंजात कोळसा धरला. बराच वेळ खटपट केली. खडकावर एक बटाटा उमटला. वाघीण त्याच्याकडे बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "अवघड आहे गं." आणि अंगावरचा पिवळा झटकून दिला.

राणीनं लाल-पिवळा कालवला, सावली रंगवली. सूर्यानं तीही भिरकावली. कुंचला पदराला. तरंगिणीला आता जातं बांधलं.

शेवटी बगळा. त्यानं चित्र मागितलंच नाही. विचारलं, "माझा रंग कोणता?"

"पांढरा. डोळे आहेत मला."

"मग वापर."

राणी धुसफुसत बसली. ऊन कललं. आणि तिला दिसलं, की पंखाखाली तो पांढरा नाहीच. तिथे निळसर आहे, पोटाशी पिवळट, तळ्यातल्या कमळांजवळ गुलाबी. सावली होती तिथे काळं काही नव्हतंच.

"पांढरा नाहीस तू," ती म्हणाली. "खोटं सांगितलं मला. सगळ्यांना खोटं सांगितलं!"

बगळ्यानं पंख झटकला. वाटीत निळा पडला.

राणी चौकात बसली आणि कालवत सुटली. फार हिरवा झाला, पुसला पदराला. फार तांबूस झाला, पुसला. चिखल झाला, शिव्या घातल्या, पुसला. आणि एकदाचा तो झाला: जांभळट, करडा, ऊन जिथे थांबतं तिथला रंग. तिनं कुंचला पदराला पुसून नवा घेतला, तोच दारातून कज्जलनाथ आला.

त्यानं वाट्यांकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. मग त्यानं एकेक वाटी लाथाडली. लाल, पिवळा, निळा मोरीतून वाहून गेला. वर फुंकर मारून त्यानं वारा बोलावला. जात्यासकट तरंगिणी उचलली गेली.

"आई!"

राणी धावली, लेकीचे पाय धरले. ओरडली, "अरे, शिकू नको म्हणालास ते ऐकून घेतलं. हसलास, तेही घेतलं. पण आलेलं मोडतोस?"

साळुंकी किंचाळली, "राणीसाहेब, पदर!"

राणीनं खाली पाहिलं. पदरभर तिच्या चुका होत्या. हिरवट, तांबूस, चिखलट, एकावर एक. आणि टोकाला तो शेवटचा, अजून ओला. लांबून बघावं तर झाडाखालची दुपार.

तिनं दातांनी पदर फाडला, लेकीच्या घोट्यांना बांधला आणि जमिनीवर पसरला. "घे," ती सूर्याला म्हणाली. "वाकडी आहे. पण माझी आहे, आणि खरी आहे."

सूर्यानं बराच वेळ पाहिलं. फडक्याच्या कडा जमिनीत मुरल्या. सावली हलली, लांबली, तिनं मान वर केली. तरंगिणी जात्यासकट धप्पकन खाली आली, आणि चौकातली फरशी फुटली ती फुटलीच.

शाप सुटला आणि ज्याचा त्याच्याकडे गेला. कज्जलनाथ वीतभर वर उठला, मग हातभर. राणीनंच त्याच्या कमरेला वरवंटा बांधला. गाठ जरा जास्तच आवळली.

"राणीसाहेब, मला सावली रंगवून द्या," तो गयावया करू लागला.

"स्वतः रंगवायची असते, नाथबाबा. हा कोळसा. आधी रेघ ओढा."

"या वयात?"

राणी हसली नाही. कोळसा पुढे धरला. त्यानं कोळसा घेतला.

रंग मोकळे झाले, कुंकू आपसूक लाल झालं, चित्रशाळेत गुडघे कुरकुरणारी माणसं दाटीनं बसू लागली. कुसुंबा राणी अजून वाघ काढते आणि मांजर होतं. ते तिला सांगायला राजाही धजत नाही. तिचा राग जसा रंगाच्या कामी लागला, तसा ज्याचा त्याचा कामी लागो.