धोंडोबामामा सरकला

ए, ढकलाढकली नको. गोधडी एकच आहे आणि तुम्ही तिघं. शिरू, पाय आत घे. मुक्ते, भावाला जागा दे. हां. आता हुं म्हणत ऐका. जो हुं म्हणणार नाही, त्याच्या वाटची गोष्ट मी मांजराला सांगेन.

एक होता डोंगर.

राजा नाही रे, डोंगर! राजाच्या गोष्टी दुसऱ्यांच्या आज्या सांगतात. आपल्याकडं डोंगर आहे.

तर त्या डोंगराचं नाव धोंडोबा. त्याच्या पायाशी समुद्र, आणि समुद्राकाठी माडवेळ नावाचं गाव. त्याच्या डोक्यावर माथेवाडी. वरच्यांना खालची गलबतं दिसायची. खालच्यांना वरचे दिवे दिसायचे. पण मधे वाट म्हणून नव्हती. का? तर धोंडोबाचा स्वभाव! मोठा गर्विष्ठ, बरं का. कोणी पायाशी आलं, की गरजायचा, "या! सरळ छातीवर चढून दाखवा!"

मग जवान गडी मिशीला पीळ देऊन सरळ चढायचे. मुळ्या धरायचे, गुडघे फोडून घ्यायचे. एखादा पोचायचा, बाकीचे लंगडत परत. पण आडवं जायचं कोणी नाव काढायचं नाही. आडवा गेला तो भित्रा, अशी तिथली रीत. मग म्हाताऱ्याकोताऱ्यांनी काय करायचं? पोराबाळांनी काय करायचं? बसायचं आपापल्या घरी.

आणि वरची मुलगी खाली दिली, की तिला डोलीत घालून दोरानं उतरवायचे. झालं. पुन्हा माहेर नाही. संध्याकाळी वर दिवा लागला, की ती आपली वर बोट दाखवायची. तो बघा आमचा दिवा. एवढंच तिचं माहेर.

अशीच एक मुलगी होती, आवडी नावाची. माथेवाडीहून माडवेळला दिलेली. वर तिची आई एकटीच. बाप नाही, भाऊ नाही. आता पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे तर तुमच्या आईलाही ठाऊक आहे. पण सातवा महिना गेला, आठवा गेला, नववा लागला. न्यायला येणार कोण? आवडी रोज अंगणात उभी राहून वर बघायची आणि डोळे पुसायची.

तिची सासू होती भागाबाय. सासू म्हटल्यावर तोंड वाकडं करू नका. सगळ्या सासवा वाईट नसतात, मला विचारा. जिभेची तिखट होती, पण मनाची फार चांगली. तीही वरचीच. एका सकाळी ती आवडीजवळ येऊन उभी राहिली.

"माझं पहिलं बाळंतपण इथंच झालं," ती म्हणाली. "माझी आई रोज वर कड्यावर यायची. पदर हलवायची. मी खालून हलवायची. मग एके दिवशी पदर हलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तुझं तसं व्हायचं नाही, पोरी. ऊठ. चालायला लाग."

मग तिनं तांदळाच्या भाकऱ्या बांधल्या. कमरेला कोयती लावली. आणि निघाल्या दोघी सासवासुना.

गावातले बाप्ये लागले हसायला. "आम्हाला जमत नाही, आणि ह्या भोपळ्याएवढं पोट घेऊन चढणार!"

भागाबाय वळून म्हणाली, "तुम्ही मिशा घेऊन चढता रे. ते ओझं जास्त आहे."

हसा, हसा. मलाही दर वेळी हसू येतं.

तर दोघी पोचल्या डोंगराच्या पायाशी. धोंडोबा गरजला, "कोण आहे? सरळ ये! छातीवर ये!"

आवडी म्हणाली, "मी काय कुस्तीला आलेय? मी माहेरी चाललेय. मला आडवंच जमेल."

आणि ती आडवी चालायला लागली. दम लागला की थांबली. थांबली की वळली. मग दुसऱ्या बाजूला आडवी. पुन्हा दम लागला, पुन्हा वळली. भागाबाय मागून कोयतीनं झुडपं तोडत होती आणि वळणावळणावर बसायला दगड मांडत होती. धोंडोबाला आला राग. त्यानं वरून धोंडे सोडले. पण धोंडे येणार सरळ, आणि ह्या दोघी आडव्या! धोंडे गडगडत गेले समुद्रात. ह्या आपल्या दगडावर बसून भाकरी खातायत.

मग ऊन चढलं. जवळचं पाणी संपलं. आवडीचा घसा सुकला. तिनं डोंगराला हात लावला आणि म्हणाली, "मामा, पाणी दे."

धोंडोबा दचकला. "मामा? कोण मामा? कोणाचा मामा?"

"माझा. माझ्या आईला भाऊ नाही. तिच्या दारात जन्मभर तू उभा. वारा अडवतोस, पाऊस अंगावर घेतोस. ती रोज तुझ्या पाठीवर शेणी थापते, तुझ्या खांद्यावर लुगडी वाळत घालते. असं दुसऱ्या कोणाच्या अंगावर घालील का? तू तिचा भाऊच की."

डोंगराला आजवर कोणी मामा म्हटलं नव्हतं. चढणाऱ्यांनी शिव्याच दिल्या होत्या. मग हळूच एका कातळाखालून पाणी झिरपायला लागलं. गार, गोड. दोघी ओंजळीनं प्यायल्या. तो झरा अजून आहे, बरं का. भर उन्हाळ्यातही आटत नाही. आपल्या गावचा झरा आहे, आटेल कसा?

झोपलास का रे? नाही ना? मग हुं म्हण की.

मग चालता चालता उन्हं कलली. माथेवाडीची कौलं दिसायला लागली, चुलीचा धूर दिसला. आवडीचा चेहरा फुलला. आणि समोर आला कडा. उभा, गुळगुळीत. आडवं जायला जागा नाही, वळायला जागा नाही. आणि नेमकी तेव्हाच आवडीला कळ आली. तिनं पोट धरलं आणि ती खालीच बसली.

भागाबाय म्हणाली, "धोंडोबा, वाट दे."

"नाही," डोंगर म्हणाला. "पाणी दिलं ते दिलं. पण हे माझं कपाळ आहे. मी वाकत नाही. कोणापुढंच वाकत नाही!"

"बरं," भागाबाय म्हणाली, आणि तिनं तिथंच फतकल मारली. "नको वाकूस. मग इथंच होऊ दे बाळंत. मामाचं घर ते माहेरच. चल, पाणी तापव. धुरी घाल. डिंकाचे लाडू वळ. पोराला तेल लाव, पायावर घेऊन न्हाऊ घाल, टाळू भर. दुपटी धू. रात्री रडलं की ऊठ. बाराव्या दिवशी बारसं, घुगऱ्या तुझ्याकडं!"

धोंडोबा घाबरला हो! एवढा मोठा डोंगर, पण घाबरला. "मी? दुपटी? अगं बाई, मला हात तरी आहेत का?"

"हात नाहीत, पण आडवं पडायला बरं येतं!" भागाबाय कडाडली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "ह्याच कड्यावर माझी आई उभी राहायची रे. तुझ्याच अंगावर. तिचा जीव खाली, माझा जीव वर, आणि मधे तू. पुन्हा तेच करणार आहेस?"

आवडीला दुसरी कळ आली. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "मामा, वाकू नकोस. तुझं कपाळ ताठच राहू दे, आम्हालाही तेच आवडतं. तू फक्त जरा सरक. घरी पाहुणा आला की माणूस सरकून बसतो ना? त्यात कोणी लहान होत नाही."

एवढा हट्टी धोंडोबा, पण हे त्याला पटलं. त्यानं मोठा श्वास घेतला. करकर आवाज झाला. झाडं हलली, पाखरं उडाली. आणि तो सरकला. जरासाच, एक माणूस चालेल एवढा. कड्याच्या कडेनं एक पायरी निघाली, रुंद, आडवी, थेट माथेवाडीच्या परसात जाणारी.

आवडीची आई परसात शेणी काढत होती. तिनं मान वर केली तर समोर लेक! शेणाच्या हातांनीच तिनं आवडीला मिठी मारली. आणि दिवे लागले तेव्हा माथेवाडीत टँहँ आवाज आला. मुलगी झाली.

आणि भागाबाय? ती गेली आपल्या माहेरच्या घरी. आता तिथं तिचं कोण होतं? भाचे होते, त्यांनी तिला ओळखलंही नाही. ती उंबऱ्यावर बसली. उंबऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आई, आले गं." मग पोटभर रडली. मग उठून सुनेसाठी खीर शिजवायला गेली.

बारशाला मुलीचं नाव ठेवलं धोंडी, मामाच्या नावावरून. हसताय काय? धोंडी म्हणजे माझी पणजी!

मग सव्वा महिन्यानं आवडी खाली निघाली, धोंडीला घेऊन. सोबत भागाबाय आणि आवडीची आईही. तिनं जन्मभर वरून पाहिलेला समुद्र पहिल्यांदा पायाला लागला. "खारट आहे गं!" म्हणाली आणि लहान पोरीसारखी हसली. मग मिशावालेही मुकाट्यानं त्याच वाटेनं चढायला लागले.

आता शहरातून लोक येतात, पाठीवर पिशव्या, हातात काठ्या. आपल्या ओट्यावर ताक पितात आणि म्हणतात, "आजी, फारच सोपी वाट आहे हो." मी म्हणते, "असणारच! एका पोटुशीच्या आणि एका म्हातारीच्या दमानं आखलीय ती. त्यांचा दम जिथं संपला तिथं वळण आहे, तिथंच बसायला दगड आहे." असं सांगताना माझी मान कशी ताठ होते ते उद्या बघा. उद्या आपल्याला चढायचंय. घाई करायची नाही. मुकाट्यानं वळायचं, दमलं की बसायचं. आणि कड्यापाशी आलं की हात लावून म्हणायचं, मामा, येतो रे.

आवडी सुखात राहिली, धोंडी सुखात राहिली, मामा अजून तिथंच उभा आहे. गोष्ट गेली डोंगरावर, डोकी ठेवा उशीवर.

आणि आता सरका जरा. मलाही निजायचंय.