मल्लाचा खुराक

राजे होऊन गेले आणि त्यांची नावेही पुसली गेली, इतक्या जुन्या काळी एका डोंगराळ राज्यात एक मल्ल होता. तरुणपणी त्याने भर आखाड्यात परमुलखाच्या मल्लाला चीत केले, तेव्हा राजाने त्याला हयातभराचा खुराक लावून दिला. रोज सकाळी राजवाड्यातून चरवीभर दूध येई, त्यात वाटलेले बदाम आणि वर तुपाचा थर.

मल्ल म्हातारा झाला. खुराक चालूच राहिला. आता उंबरा ओलांडतानाही त्याला धाप लागे, चरवी पाहिली की नकोशी वाटे. तरी वेठ उरकावी तशी तो ती डोळे मिटून रिकामी करी. खुराक सोडला तर आपण मल्ल कसले, असे त्याला वाटे.

मुलगा दूरच्या गडावर पहाऱ्याला होता. घरात सून होती, तिला सातवा महिना लागला होता. सासऱ्याचे जेवण झाले की ती उरलीसुरली भाकरी पातळ आमटीत कुस्करून खाई. सुईण बजावून गेली होती, की ही अशीच सुकत राहिली तर दोन जिवांतला एकही हाती लागायचा नाही. त्यावर म्हातारा म्हणाला होता, की माझी बायको याच भाकरीवर तीनदा बाळंत झाली. तिघांतले एकच मूल जगले, हे मात्र तो बोलला नाही.

गोठा तो स्वतः पाही. एका सकाळी तो गाभण म्हशीपुढे सरकीची पेंड ठेवत होता. शेजारच्या म्हाताऱ्या भाकड म्हशीने त्यात तोंड घातले. त्याने तिचे तोंड बाजूला सारले.

"तुझं वय झालं बाई. तुला कडबा पुरे. हे पोटुशीचं आहे."

म्हातारी म्हैस सावकाश रवंथ करीत म्हणाली, "गोठ्यात कळतं तुम्हाला, बाबा. घरात शिरताना ते दाराबाहेर ठेवता काय?"

म्हाताऱ्याने मान वळवली. सून रिकामी चरवी घासायला निघाली होती. दोन पावलांवर थांबून ती खांबाला टेकली आणि डोळे मिटून उभी राहिली. म्हातारा दिवसभर ओसरीवर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी चरवी आली, तेव्हा त्याने ती सुनेपुढे सरकवली. ती घाबरली. "मामंजी, हे राजाने तुम्हाला दिलंय."

"राजाने मल्लाला दिलं होतं. तो मल्ल आता या घरात राहत नाही. तू पी. मला मऊ भात आणि ताक दे."

पहिले काही दिवस त्याला हात रिकामे रिकामे वाटत. मग हळूहळू धाप कमी झाली, रात्री झोप लागू लागली. दिवस भरले आणि सून सुखरूप बाळंत झाली. मूल लहानखुरे होते, पण रडले खणखणीत, आणि आईला दूधही भरपूर आले. नातवाला दात येऊ लागले, तेव्हा म्हातारा त्याला आपल्या ताटातलाच मऊ भात भरवू लागला. एकाला अजून पुरते दात आले नव्हते, दुसऱ्याला आता उरले नव्हते.

तात्पर्य : ताट मान पाहून वाढू नये, वय आणि गरज पाहून वाढावे.