महालातला गोठा

इटलीत एक राजा व्हता, लई मिजासखोर. दरबारातल्या नार्दो चिताऱ्याला म्हणला, "येशूच्या जन्माचं चित्र काढ. पर शेणाचा गोठा नगं, माझा महाल दाव. न्हाईतर हात तोडीन."

नार्दोनं संगमरवरी महाल काढला. राजा बघतो तर पाळणा रिकामा! पोटुशी मरियम नवऱ्यासंगं फाटकाभाईर उभी, आन् शिपायानं भाला आडवा धरलेला.

राजा वरडला, "बाळ कुठाय रं?"

"सरकार, आईलाच आत सोडंनात. मी दरबारचा चितारी, तरी रोज फाटकात तासभर उभा ऱ्हातो. ही तर परगावची गरीब माणसं!"

राजाचं तोंड एवढंसं झालं. "बरं, गोठाच काढ."

"आन् ह्या शिपायाचं काय करू?"

"त्याचं गाढव कर!"

आता शिपायाला हुकूम कुणाचा व्हता? पर गाढव झाला बिचारा शिपाई.